कौटुंबिक उपासना (मुंबईतील मराठी ख्रिस्ती)

कौटुंबिक उपासना : ख्रिस्ती कुटुंबाने घरी, शक्यतो दररोज, एकत्र बसून केलेले गीतगायन, शास्त्रवाचन (बायबलचे वाचन) व प्रार्थना. एकांतातले मनन आणि रविवारची मंडळीची (चर्चची) उपासना यांच्या मधली ही पायरी होय. मुंबईच्या मराठी प्रॉटेस्टंट घरांत तिला नुसते ‘घरची प्रार्थना’ म्हणतात. कॅथलिक घरांत तिची जागा बहुतांशी संध्याकाळच्या रोझरीने (जपमाळेच्या प्रार्थनेने) घेतली आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः प्रॉटेस्टंट परंपरेचा विचार केला आहे.

शास्त्राधार : बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवावीत, घरी बसलेले असता, वाटेने चालत असता, निजता-उठता त्यांविषयी बोलत असावे, अशी आज्ञा आहे. आपण आणि आपले घराणे परमेश्वराचीच सेवा करू, हा यहोशवाचा निर्धार (यहोशवा २४:१५) मराठी ख्रिस्ती घरांच्या भिंतीवर हमखास आढळतो. मात्र याच शास्त्रात दुसराही सूर आहे. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे बापाच्या पापाचा भार मुलावर नाही आणि बापाचे नीतिमत्त्वही मुलाच्या खाती जमा होत नाही. रोमकरांस पत्रात (१४:१२) प्रत्येकाने देवाला स्वतःचा हिशेब द्यायचा आहे. घराण्याची निष्ठा आणि प्रत्येकाची स्वतंत्र जबाबदारी या दोन्ही गोष्टी कौटुंबिक उपासनेत एकत्र येतात. आईबापांचा विश्वास मुलाचा स्वतःचा कसा व्हावा, हा तिच्यापुढचा खरा प्रश्न आहे.

उगम : मुंबईत ही प्रथा कोणत्या वाटेने रुजली, याविषयी एकवाक्यता नाही. एका मतानुसार तिचे मूळ अमेरिकन मराठी मिशनमध्ये आहे. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मिशनरी १२ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी त्यांना परत पाठवण्याच्या बेतात होते. दीर्घ पत्रव्यवहारानंतर त्यांना राहू देण्यात आले. त्यांना पाठवणारी संस्था अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः पाहणाऱ्या) मंडळ्यांतून १८१० मध्ये उभी राहिली होती, आणि त्या मंडळ्यांत सकाळ-संध्याकाळची घरची उपासना ही प्युरिटन (कडक आचाराच्या प्रॉटेस्टंट) पूर्वजांपासून चालत आलेली शिस्त होती. हीच शिस्त मिशनरी बंगल्यांतून प्रथम नोकरचाकरांपर्यंत व शाळेतील मुलांपर्यंत आणि पुढे नवख्रिस्ती कुटुंबांपर्यंत गेली, असे या मताचे म्हणणे आहे.

दुसरे मत स्कॉटिश परंपरेकडे बोट दाखवते. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले व १८३१ मध्ये त्यांनी येथे प्रेसबिटेरियन पद्धतीची (निवडलेल्या वडिलांच्या मंडळाने कारभार पाहायची) एतद्देशीय मंडळी स्थापन केली. गिरगावातील आंब्रोली चर्च हे या कार्याचे पुढील केंद्र. स्कॉटलंडच्या मंडळीने १६४७ मध्येच कौटुंबिक उपासनेची लेखी नियमावली संमत केली होती, त्यामुळे या मताला कागदोपत्री आधार अधिक आहे. ती नियमावली बारकाईने पाहण्याजोगी आहे. तिच्यात प्रथम प्रत्येकाची एकांतातील प्रार्थना येते व तिच्यामागून कुटुंबाची. उपासना चालवण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची. ती तो टाळत असेल तर आधी खासगीत समज, मग वडीलमंडळाकडून कानउघाडणी आणि तरीही न सुधारल्यास प्रभुभोजनापासून (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ होणाऱ्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीपासून) दूर ठेवणे, अशी चढती शिक्षा सांगितली आहे. निरनिराळ्या कुटुंबांतील माणसांनी अशा उपासनेसाठी एकत्र जमणे मात्र त्या नियमावलीला सामान्यतः मान्य नाही.

नेमक्या याच मुद्द्यावर मुंबईची रीत वेगळी पडते. येथील घरची प्रार्थना शेजाऱ्यांना, गावाकडून आलेल्या पाहुण्यांना, दारात उभ्या राहिलेल्या अख्रिस्ती बिऱ्हाडकरूंनाही मोकळी असते. म्हणून केवळ पाश्चात्त्य उगमावर थांबणे अपुरे वाटते. शास्त्रवाचन, प्रार्थना व नियमितपणा हा सांगाडा दोन्ही मिशनांतून आला, हे बहुधा खरे. परंतु मांडी घालून बसणे, टाळ, अभंगाची चाल आणि उघडे दार हे भजनाच्या संस्कारातून आले असावे, हे तिसरे मत अधिक पटण्यासारखे आहे. १८६० च्या दशकात अहमदनगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात झाली होती. पुढे नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) या प्रवाहाला काव्याचे बळ दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले टिळक आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील त्यांची पदे आजही घरोघरी पुस्तक न उघडता म्हटली जातात. परदेशी चालींची गीतेही त्याच संग्रहात आहेत आणि तीही तितक्याच आपलेपणाने गायिली जातात, हे येथे नोंदवले पाहिजे.

घरात शास्त्र वाचले जाण्यासाठी ते मराठीत असणे आणि कोणाला तरी वाचता येणे या दोन्ही गोष्टी आवश्यक होत्या. बंगालमधील श्रीरामपूरचे मिशनरी विल्यम कॅरी यांचा मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला असला, तरी त्याची भाषा मुंबईकडील वाचकांना परकी वाटे. अमेरिकन मिशनच्या मुंबईतील छापखान्याने १८२६ मध्ये नवा करार छापला. संपूर्ण मराठी बायबल १८४७ मध्ये उपलब्ध झाले. प्रत्येक घरात स्वतःची प्रत असण्याचा काळ याच्या बराच नंतरचा धरावा. वाचनाच्या बाजूने पाहता याच मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली व विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट यांनीही काही वर्षांतच मुलींच्या शाळा उभारल्या. याचा परिणाम फार दूरवर गेला. स्कॉटिश नियमावलीतला कुटुंबप्रमुख पुरुष असला, तरी मुंबईत गिरणीची पाळी किंवा रेल्वेची ड्यूटी करणारा बाप घरी नसताना प्रार्थना चालवणारी व्यक्ती बहुधा आई किंवा आजीच राहिली आहे. या स्त्रियांचे काम मंडळ्यांच्या अहवालांत फारसे येत नाही. विश्वासाची साखळी मात्र त्यांनीच टिकवली.

वैयक्तिक मननाच्या संदर्भात जॉर्ज बोवेन यांचा उल्लेख आवश्यक आहे. १८४८ मध्ये मुंबईत आलेल्या या अमेरिकन मिशनऱ्याने लवकरच मिशनचा पगार नाकारला आणि १८८८ मध्ये मृत्यू होईपर्यंत अत्यंत साधेपणाने तो या शहरात राहिला. वर्षातील प्रत्येक दिवसासाठी एक मनन असे त्याचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध आहे. उपदेश आणि राहणी यांत अंतर ठेवायचे नाही, हा त्याचा आग्रह होता.

स्वरूप : भायखळा, माझगाव, परळ या भागांतील जुन्या वस्तीत प्रार्थनेची वेळ साधारणतः रात्रीच्या जेवणानंतरची. टीव्ही बंद होतो, चटई पसरली जाते, कोणीतरी गीताचा नंबर सांगते. त्यानंतर अध्याय आळीपाळीने, एकेकाने एक वचन याप्रमाणे वाचतात. नुकते वाचायला शिकलेल्या मुलाच्या वाट्याला नबुखद्नेस्सरासारखे नाव आले की थोरले थांबतात. ते नाव त्याच्यासाठी पूर्ण करत नाहीत. मग वाचलेल्या भागावर चार शब्द आणि प्रार्थना. तीत आजारी शेजारी, परीक्षा, गावाकडची शेती, नोकरीतला वरिष्ठ अशी माणसे नावाने येतात. शेवटी सर्वजण मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात आणि काही घरांत मंडळीतल्याप्रमाणे एकमेकांना ‘सलाम’ करतात. उपनगरांतून पहाटेची लोकल धरणाऱ्या कुटुंबांत हा क्रम रविवारी दुपारवर किंवा आठवड्यातल्या एखाद्या ठरलेल्या रात्रीवर आला आहे.

जबाबदारीचे शिक्षण : लहान मुलांचा बाप्तिस्मा करणाऱ्या मंडळ्यांत आईबाप मुलाच्या वतीने वचन देतात. मूल समजत्या वयाचे झाले की दृढीकरणाच्या विधीत ते वचन स्वतःच्या तोंडाने उच्चारून आपल्या अंगावर घेते. पाळकसाहेब त्यासाठी काही आठवडे वर्ग घेतात, पण खरी तयारी घरीच झालेली असते. मोठ्याने प्रार्थना करण्याची पहिली पाळी मुलाला घरच्या चटईवर मिळते. दुसरे अंग दानाचे. दशमांश किंवा ठरवलेली रक्कम महिन्याच्या सुरुवातीसच पाकिटात वेगळी काढायची आणि उरल्यासुरल्यातून द्यायचे नाही, असे शिकवले जाते; काही घरांत खाऊच्या पैशांतून मुलेही आपले पाकीट भरतात. तिसरे अंग अधिक कठीण आहे. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करावा या येशूच्या शिकवणीनुसार (मत्तय ५:२३–२४), दिवसभरात घरात झालेले भांडण प्रार्थनेआधी मिटवावे अशी अपेक्षा असते, आणि ती थोरल्यांनाही लागू आहे. बाप मुलाची क्षमा मागतो अशी घरे आहेत. तेथे वाढलेल्या मुलांना पश्चात्ताप म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

कॅथलिक परंपरा : मुंबईच्या ईस्ट इंडियन (येथील मूळच्या मराठीभाषक कॅथलिक) समाजात घरची सायंप्रार्थना पोर्तुगीज काळापासूनची असावी. गावठाणांतील क्रूसांपाशी सामुदायिक रोझरी म्हणण्याची चालही जुनी आहे. यांपैकी अनेक क्रूस १८९६ च्या प्लेगच्या साथीशी जोडले जातात. कुटुंब म्हणजे घरातले चर्च, हा विचार कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी जाहीर केलेल्या दस्तऐवजात येतो. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्त (प्रभुभोजनविषयक) परिषद भरली.

कॉटेज मीटिंग : अनेक कुटुंबांनी पाळीपाळीने एकाच्या घरी जमून करायची ही साप्ताहिक प्रार्थना. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (स्थापना १९७०), मेथॉडिस्ट आणि स्वतंत्र मंडळ्या या सर्वांत ती आढळते. साक्ष देणे हा तिचा विशेष भाग. नोकरी, व्यसनमुक्ती, आजारपण यांविषयी माणसे येथे मोकळेपणाने बोलतात. यजमान घराने चहापलीकडे खर्च करू नये, असा संकेत अनेक मंडळ्या पाळतात, म्हणजे एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबालाही आपली पाळी घेता येते.