पहिला गेमिंग पीसी जोडताय? पैसे द्यायच्या आधी हा कागद वाचा

हा कागद आमच्या दुकानाच्या काउंटरवर ठेवलाय कारण शनिवार-रविवारच्या गर्दीत एकेकाला अर्धा तास देणं जमत नाही, आणि पहिल्यांदा पीसी जोडणाऱ्याला तेवढा वेळ तर लागतोच. घरी न्या, निवांत वाचा, यादी करा, मग या. आमच्याकडूनच घ्या असं काही नाही, मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आणा नाहीतर ऑनलाइन मागवा, पण नीट बघून घ्या. भाव मुद्दाम छापलेले नाहीत, रॅम आणि एसएसडीचे (गेम, फाइल साठवणारी डिस्क) रेट सध्या इतके हलतायत की छापलं की शिळं.

आधी गेम, मग मॉनिटर, मग कार्ड

बहुतेक जण प्रोसेसर ठरवूनच येतात. "आय सेव्हन पाहिजे." सोबत वडील असले तर त्यांचंही तेच, कारण ऑफिसात कोणीतरी सांगितलेलं असतं की घेतलास तर आय सेव्हनच घे. आता आय सेव्हन (इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं नाव) कुठला? जुन्या बाजारात आय सेव्हन ३७७० अजून विकला जातो, तो २०१२ चा आहे, ४ कोअर ८ थ्रेड (कोअर म्हणजे आतले काम करणारे भाग, थ्रेड म्हणजे एका वेळी हाताळता येणारी कामं). २०२२ चा आय फाइव्ह १२४००एफ ६ कोअर १२ थ्रेडचा आहे आणि त्याला आरामात मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच चालतं आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे तो जुना आय सेव्हन घेऊन तुम्ही पहिल्याच दिवशी अडकलात. नुसत्या आय सेव्हन या नावावर जाऊ नका, पुढचा आकडा बघा.

खरं तर सुरुवात प्रोसेसरपासून करायचीच नाही. कुठले गेम खेळणार ते आधी ठरवा. व्हॅलोरंट आणि काउंटर स्ट्राइक टू खेळणाऱ्याला फ्रेम (सेकंदाला निघणारी चित्रं) भरपूर लागतात पण ग्राफिक कार्ड (ती चित्रं तयार करणारा भाग) फार मोठं लागत नाही, तिथे प्रोसेसरला आणि रॅमला काम असतं. सायबरपंक २०७७ सारखे गेम सगळ्या सेटिंग वर लावून खेळायचे तर उलट, तिथे सगळा भार ग्राफिक कार्डवर. मग मॉनिटर. १०८० पी वर (१९२० बाय १०८० ठिपक्यांचा स्क्रीन) खेळणार असाल तर त्याहून जास्त ठिपक्यांच्या १४४० पी साठीचं कार्ड घेऊन पैसे अडकवायचे कशाला, आणि घरात जुना ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर असेल तर १५० फ्रेम निघून तरी काय, दिसणार ६० च. पहिल्या पीसीला १०८० पी, १४४ हर्ट्झ किंवा वरचा आयपीएस (रंग चांगले दाखवणाऱ्या पॅनलचा) मॉनिटर पुरतो असं आमचं मत आहे. तो बजेटमध्ये आधीच धरा, शेवटी उरलेल्या पैशातून मॉनिटर घेणारे नेहमी रडतात.

ग्राफिक कार्ड

एकूण पैशातला सगळ्यात मोठा हिस्सा इथे जायला पाहिजे, मॉनिटर सोडून बाकीच्या खर्चाच्या ३५ ते ४० टक्के धरून चला. कार्ड बघताना नावाइतकीच त्यावरची मेमरी बघा. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०६० ला ८ जीबी आहे, इंटेलच्या आर्क बी५८० ला १२, एएमडीचं रॅडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी आणि आरटीएक्स ५०६० टीआय ही दोन्ही ८ आणि १६ अशा दोन प्रकारांत येतात आणि खोक्यावर नाव तेच असतं, त्यामुळे ऑनलाइन "स्वस्तात मिळालं" म्हणून उडी मारण्याआधी कुठलं आहे ते वाचा. ८ जीबीवर आजचे गेम चालतात, नाही असं नाही, पण नवीन मोठ्या गेममध्ये टेक्श्चर (वस्तूंवरचं बारीक चित्रण) अल्ट्राला टाकली की मेमरी भरते आणि मग झटके बसतात. चार-पाच वर्षं कार्ड बदलणार नसाल आणि थोडं ताणता येत असेल तर १६ जीबीवाल्याकडे ताणा, आरजीबी (रंगीत दिव्यांचे) पंखे कमी करा. आर्क बी५८० चांगलं कार्ड आहे पण त्याला बोर्डात (मदरबोर्ड, ज्यावर सगळे पार्ट बसतात) रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू लागतं, जुन्या बोर्डावर ते नसेल तर परफॉर्मन्स पडतो. जुन्या पीसीत घालायला ते घेऊ नका.

प्रोसेसर आणि बोर्ड एकत्रच ठरतात

सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) जुळलं नाही तर काहीच जुळत नाही. प्रोसेसर बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीचं, एएमडीचं, एएम४ सॉकेट जुनं, डीडीआर४ (रॅमचा जुना प्रकार) वालं. एएम५ २०२२ ला आलं, फक्त डीडीआर५ (रॅमचा नवा प्रकार). इंटेलच्या बाराव्या, तेराव्या, चौदाव्या जनरेशनला एलजीए १७०० लागतं आणि तिथे बोर्डाप्रमाणे डीडीआर४ किंवा डीडीआर५, दोन्ही एका बोर्डावर शक्यतो नाही, त्यामुळे बोर्डाच्या नावात बी७६० लिहिलंय एवढं बघून रॅम घेऊ नका, त्याच नावाच्या पुढे डी४ लिहिलंय का ते बघा. खाच वेगळ्या जागी असते, डीडीआर५ ची पट्टी डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये बसत नाही, जोर लावून तर अजिबात नाही.

पुढे अपग्रेड करायचं डोक्यात असेल तर एएम५ घ्या, एएमडीने हे सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवू असं सांगितलंय, आणि एएम४ च्या वेळी त्यांनी ते करून दाखवलंय, २०१७ च्या बऱ्याच बोर्डांवर बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ चा रायझन ५८००एक्स३डी प्रोसेसर चालतो. बजेट घट्ट असेल तर एएम४ वरचा रायझन फाइव्ह ५६०० आणि बी५५० बोर्ड अजूनही वाईट नाही, पण ते शेवटचं स्टेशन आहे हे समजून घ्या.

इंटेलच्या नंबरापुढे एफ असेल तर आत ग्राफिक नाही, कार्डाशिवाय स्क्रीनच येणार नाही. "कार्ड पुढच्या महिन्यात घेतो" म्हणणाऱ्यांनी एफ घेऊ नये. एएमडीत ७५००एफ ला पण नाही, ७६०० ला छोटं आहे, डेस्कटॉप दिसण्यापुरतं.

रॅम

२०२५ च्या शेवटाकडे रॅमचे भाव जे चढले त्यात दुकानदाराचा काही हात नाही, तुम्ही विचारता म्हणून सांगतो. रॅमच्या चिप मुख्यतः तीन कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी मेमरी बनवण्यात त्यांना जास्त पैसा दिसतो म्हणून माल तिकडे वळला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशल हा आपला ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करतोय म्हणून जाहीर केलं. डीडीआर४ पण त्यात स्वस्त राहिलेली नाही.

अशात ३२ जीबीचा हट्ट धरू नका, १६ वर सुरू करा, पण ८-८ च्या दोन पट्ट्या घ्या. एकच पट्टी लावली तर मेमरी एका चॅनलवर चालते आणि फ्रेम कमी मिळतात, व्हॅलोरंटसारख्या गेमला तर जास्तच जाणवतं. चार स्लॉट असले तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा. आणि हे नव्वद टक्के लोक विसरतात, ३२०० स्पीडची रॅम घेतली म्हणजे ती ३२०० वर चालते असं नाही, आपोआप ती २१३३ किंवा २४०० किंवा २६६६ वर बसते, बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, एएमडीत एक्सपो (रॅम पूर्ण स्पीडवर चालवणारी सेटिंग), चालू करावं लागतं. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा, उजवीकडे स्पीड लिहिलेला असतो. एएम५ ला ६००० ची घेतली आणि तिथे ४८०० दिसतंय, तर पैसे दिलेला स्पीड तुम्ही वापरतच नाही आहात.

एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा), इथे काटकसर नको

सगळ्यात जास्त भांडण आमचं याच्यावरून होतं. कॅबिनेटसोबत फुकट आलेला "४५० वॅट" घेऊन लोक येतात. त्याच्या बाजूचं स्टिकर वाचा. +१२ व्ही च्या खाली अँपिअर लिहिलेले असतात, समजा १८. बारा गुणिले अठरा, २१६. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच चालतात, म्हणजे तुमच्या कामाचे वॅट २१६, बाकीचे ४५० पर्यंतचे कागदावर. आता हिशोब लावा. आरटीएक्स ५०६० चे १४५ वॅट, १२४००एफ जोर लावतो तेव्हा ११७, बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून पन्नास-साठ. ३२० झाले. तो २१६ वाला गेमच्या मधोमध बंद पडेल, आणि बंद पडला तर नशीब म्हणा, जाताना बोर्ड घेऊन गेला तर? काचेचं आरजीबी कॅबिनेट आणि आत असला एसएमपीएस म्हणजे मांडव झकास आणि पंगतीत वरणाला नुसतं पाणी.

वरच्या हिशोबाला चांगल्या कंपनीचा ५५० वॅट ८० प्लस ब्राँझ पुरतो, साडेसातशेची गरज नाही. ८० प्लसचं सर्टिफिकेट वीज किती वाया जाते एवढंच सांगतं, आतला माल किती टिकेल ते नाही, म्हणून वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा, पाच वर्षं देणारा काहीतरी विश्वासावर देतोय. अजून एक, मॉड्युलर (केबल काढता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला लावू नका, बसतात पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि एसएसडी, हार्ड डिस्क जळते.

आता घरातली वायरिंग. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात अशी तक्रार घेऊन लोक येतात आणि म्हणतात एसएमपीएस खराब आहे. बहुतेक वेळा पिनला अर्थिंगच नसतं. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, त्यांचं टोक कॅबिनेटला आणि तिथून अर्थला जातं, अर्थ नसेल तर साधारण अर्धं व्होल्टेज, शंभरच्या पुढे, पत्र्यावर येऊन बसतं. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात, पण ते चांगलं नाहीच. पीसी नेण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, भाड्याच्या घरात तर नक्की.

यूपीएस ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॅट. गेम चालू असताना लाइट गेली की वरचे ३२०, एसएमपीएसमध्ये वाया जाणारे आणि मॉनिटर मिळून ३६० च्या वर जातात आणि तो ट्रिप होतो. ११०० व्हीए घ्या, साइन वेव्हवाला (घरच्या विजेसारखाच करंट देणारा) जमला तर उत्तम. तो गेम पूर्ण करायला नसतो, नीट शटडाऊन करण्यापुरता असतो.

कॅबिनेट आणि आपला उन्हाळा

जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो हे तुम्हाला सांगायला नको. परदेशातल्या व्हिडिओमध्ये कार्ड ६५ डिग्रीवर दिसतं तेव्हा त्यांची खोली एसीची असते, आपली खोली त्यापेक्षा १५ डिग्री गरम असेल तर आतलं टेम्परेचर पण जवळपास तेवढंच वर सरकतं. म्हणून पुढून बंद काचेचं कॅबिनेट आम्ही सुचवत नाही, पुढे जाळी पाहिजे, पुढे दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, झालं. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये बघून घ्या, तीन पंख्यांचं कार्ड लहान कॅबिनेटात बसत नाही. जाळीचा फिल्टर महिन्याला झटका. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, हवेने गरगर फिरवू नका, बेअरिंग जातं.

एसएसडी

एनव्हीएमई (एसएसडीचा वेगवान प्रकार) एक टीबी, संपला विषय. पाचशे जीबी घेतली तर कॉल ऑफ ड्यूटी एकटाच शंभराच्या वर जागा खातो. एम.२ (बोर्डावर बसणारी छोटी पट्टी) दिसते म्हणून ती एनव्हीएमईच असते असं नाही, साटा (जुना, हळू प्रकार) पण त्याच आकारात येते आणि ती सेकंदाला साधारण ५५० एमबीलाच थांबते. विचारून घ्या.

सेकंड हँड घेत असाल तर

कार्ड सेकंड हँड घ्यायला हरकत नाही पण चालवून, गेम लावून, अर्धा तास बघून. इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (कार्डं सतत चालवून ते चलन मिळवणं) सप्टेंबर २०२२ ला बंद झालं तेव्हा वापरलेली कार्डं बाजारात ढिगाने आली, त्यातली काही अजून फिरतायत. आरएक्स ५८० मध्ये "२०४८ एसपी" लिहिलेलं असेल तर ते नावाला ५८०, आतून ५७० च. जीटी ७१० ला "गेमिंग कार्ड" म्हणून खपवणारे पण आहेत. एसएमपीएस मात्र सेकंड हँड कधीच नाही.

जोडताना

प्रोसेसरच्या कूलरच्या खालची प्लास्टिकची पट्टी काढा, दर महिन्याला कोणीतरी ती तशीच ठेवून "हीट होतोय" म्हणून पीसी घेऊन येतोच. सीपीयूची आठ पिनची वायर आणि कार्डाची आठ पिनची वायर सारखी दिसते पण वेगळी असते, टोकाला लिहिलेलं असतं. मॉनिटरची वायर कार्डात लावा, बोर्डात नाही. एएम५ पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते, तो रॅम तपासत असतो, घाबरून बटण दाबू नका. स्क्रीन आली की विंडोजच्या अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन हर्ट्झ बदला, नाहीतर १४४ चा मॉनिटर ६० वरच चालत राहतो. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम आणि सिक्युअर बूट (सुरक्षेच्या दोन सेटिंग) चालू लागतं, दोन्ही बायोसमध्ये असतात.

बिल पक्कंच घ्या, जीएसटीवालं, प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर त्यावर लिहून घ्या. "बिल नको, कमी करतो" म्हणणाऱ्याकडून वाचलेले पैसे पहिल्या वॉरंटीलाच जातात. प्रोसेसर सीलबंद खोक्यातला घ्या, ट्रेमधला सुटा असेल तर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी त्याला मिळत नाही. खोकी माळ्यावर टाका, फेकू नका.

आमच्याकडून पार्ट घेतले असतील तर मागच्या टेबलावर स्वतः जोडायला बसू शकता, मंगळवार ते शुक्रवार दुपारी, स्क्रू ड्रायव्हर आणि पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मधली) आमची, त्याचे पैसे घेत नाही. अडलात तर हाक मारा. यादी आधी व्हॉट्सअॅपवर पाठवली तर काय जुळत नाही ते आम्ही सांगतो, दुसरीकडून घेणार असाल तरी चालेल.