रक्तदाबाचा पट्टा आणि सोनेरी दोर

पॉलिग्राफचा, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या लाय डिटेक्टरचा, शोध कोणी लावला असं विचारलं की विल्यम मोल्टन मार्स्टनचं नाव हमखास पुढे येतं. यात अर्धंच तथ्य आहे. आज पोलिस वापरतात ते यंत्र त्याने बनवलेलं नाही. त्याने एक पद्धत शोधली आणि पुढची बरीच वर्षं ती खपवण्यात घालवली. तरीही त्याचं नाव पुसता येत नाही, कारण या पद्धतीचा कोर्टात जो पराभव झाला तो अमेरिकी न्यायालयांना सत्तर वर्षं पुरला.

मार्स्टनचा जन्म १८९३चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातला. तो हार्वर्डला शिकायला गेला तेव्हा तिथली मानसशास्त्राची प्रयोगशाळा ह्यूगो म्यून्स्टरबर्ग या जर्मन प्राध्यापकाच्या हाती होती. साक्षीदाराच्या डोळ्यांवर आणि आठवणीवर कोर्टं नको इतका भरवसा टाकतात, तिथे मानसशास्त्रज्ञाला बोलवायला हवं, हा म्यून्स्टरबर्गचा ध्यास. वकीलमंडळी त्याच्यावर उखडली. पुराव्याच्या कायद्यातला दिग्गज जॉन विग्मोर याने तर १९०९ मध्ये एक काल्पनिक खटला रचून त्याची यथेच्छ सालटी काढली. या वादातच मार्स्टन तयार झाला. त्याने कायद्याची पदवीही घेतली आणि १९२१ मध्ये मानसशास्त्रातली पीएचडीही.

रक्तदाबाची कल्पना कुठून आली? एलिझाबेथ हॉलोवे या त्याच्या बायकोने एकदा सहज म्हटलं की, राग आला किंवा उत्तेजित झालं की आपला रक्तदाब चढत असावा. मार्स्टनने १९१५ पासून हार्वर्डच्या प्रयोगशाळेत त्याचा पाठपुरावा केला आणि या कामात एलिझाबेथचाही हात होता. तीसुद्धा वकील होती. हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये तेव्हा बायकांना प्रवेश नव्हता, म्हणून तिने बॉस्टन विद्यापीठातून पदवी घेतली. शोधाचं श्रेय वाटताना तिचं नाव बहुतेक वेळा कंसात राहिलं.

पद्धत अगदी साधी होती. दंडाला डॉक्टरकडे असतो तसा पट्टा, तपासणाऱ्याच्या कानात स्टेथोस्कोप. समोरचा माणूस आपली हकीकत सांगतोय. मध्येमध्ये पट्ट्यात हवा भरायची, हळूहळू सोडायची, वरचा रक्तदाब ऐकून कागदावर लिहायचा, पुन्हा हवा भरायची. शेवटी आकड्यांचा आलेख काढायचा. खोटं बोलणाऱ्याचा आलेख हकीकतीच्या कळीच्या जागेकडे जाताना चढत जातो, असा मार्स्टनचा दावा. यातली गोम डॉक्टर नसलेल्यालाही कळेल. दोन नोंदींच्या मधल्या वेळेत काय घडलं ते निसटतं, आणि नोंद घेणाऱ्याच्या मनात आधीच काही असेल तर त्याचे कानही त्याला साथ देतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे भीतीने, रागाने, अपमानानेही रक्तदाब चढतोच. फक्त खोटं बोलतानाच उमटेल अशी खूण शरीरात आजवर कोणालाही सापडलेली नाही.

आजच्या पॉलिग्राफच्या जवळ जाणारं यंत्र कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत तयार झालं. तिथला पोलिसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर याच्या हाताखाली जॉन लार्सन नावाचा चक्क शरीरक्रियाशास्त्रात पीएचडी केलेला पोलिस होता. मार्स्टनचं काम वाचून त्याने १९२१ मध्ये रक्तदाब आणि श्वास यांची सलग नोंद कागदावर उमटवणारी यंत्रणा जुळवली. पुढे लिओनार्ड कीलरने ती आटोपशीर केली, १९३१ मध्ये पेटंट मिळवलं आणि नंतर तळहाताच्या घामाची नोंदही जोडली. म्हणजे पेटंट कीलरचं, यंत्र लार्सनचं आणि गाजावाजा मार्स्टनचा.

१९२२ मध्ये मार्स्टन वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीत कायद्याचं मानसशास्त्र शिकवत होता. वर्गात बसलेले बरेच जण वकिली करणारेच. एका तासाला दारावर थाप पडली, हातमोजे घातलेला एक तरुण निरोपाचं पाकीट घेऊन आत आला, आणि मार्स्टन ते वाचत असताना त्याने खिशातून चाकू काढून त्याचं पातं हातमोज्यावरून फिरवलं. तरुण निघून गेल्यावर मार्स्टनने सगळ्यांना पाहिलेलं लिहून काढायला सांगितलं. टिपता येण्याजोग्या १४७ गोष्टी त्याने आधीच ठरवून ठेवल्या होत्या. वर्गाची सरासरी ३४ वर थांबली. चाकू तर कोणाच्याच नजरेत आला नव्हता. साक्षीदाराच्या आठवणीविषयी मार्स्टन जे सांगत होता ते असं पक्क्या पायावर उभं होतं. रक्तदाबाविषयी जे सांगत होता त्याला तितका आधार नव्हता. पण माणूस एका विषयात बरोबर ठरला की दुसऱ्यातही ठाम बोलू लागतो.

त्याच सुमारास जेम्स फ्राय हा कृष्णवर्णीय तरुण वॉशिंग्टनच्या तुरुंगात होता. डॉ. रॉबर्ट ब्राउन यांच्या १९२०च्या खुनाची त्याने आधी कबुली दिली आणि मग फिरवली. बक्षिसातल्या वाट्याचं आमिष दाखवून आपल्याकडून कबुली घेतली, असं त्याचं म्हणणं. त्याचे वकील मार्स्टनच्या वर्गातले. मार्स्टनने तुरुंगात जाऊन फ्रायची चाचणी घेतली आणि तो खरं बोलतोय असा निर्वाळा दिला. न्यायाधीशांनी मात्र मार्स्टनची तज्ज्ञ म्हणून साक्ष घ्यायलाच नकार दिला. ज्यूरीने फ्रायला दुसऱ्या दर्जाच्या, म्हणजे आधी न ठरवलेल्या, खुनासाठी दोषी धरलं आणि वकील अपिलात गेले. अपील प्रलंबित असतानाच, मार्च १९२३ मध्ये, खोटेपणा पकडणाऱ्या मार्स्टनलाच एका धंद्यातल्या फसवणुकीच्या आरोपाखाली अटक झाली. पुढे आरोप मागे घेतले गेले, पण वेळ काही बरी नव्हती.

३ डिसेंबर १९२३ रोजी अपील कोर्टाने जेमतेम दोन पानांत निकाल दिला. त्यात मार्स्टनचं नावसुद्धा नाही. कोर्ट एवढंच म्हणालं की, शास्त्रीय पद्धतीवर आधारलेली साक्ष मान्य व्हायची तर ती पद्धत त्या क्षेत्रातल्या जाणकारांमध्ये सर्वसाधारणपणे मान्य असली पाहिजे. रक्तदाबाची चाचणी अजून तिथवर पोचलेली नाही. फ्राय अठरा वर्षं तुरुंगात राहिला. ‘फ्राय कसोटी’ मात्र पुढे बंदुकीच्या गोळ्यांपासून डीएनएपर्यंतच्या पुराव्यांना लावली गेली. अमेरिकी सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्ये संघीय न्यायालयांसाठी तिच्या जागी नवा निकष आणला; काही राज्यांत ती अजून चालते.

हरलेला मार्स्टन गप्प बसला नाही. आपल्या चाचणीमुळेच फ्रायची फाशी टळली, असं तो पुढे सांगत राहिला. खरा खुनी नंतर सापडल्याची कथाही पसरली, पण तिला आधार नाही. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका थिएटरात पत्रकारांसमोर त्याने सोनेरी, काळ्या आणि तांबूस केसांच्या नर्तकींना पट्टे बांधून सिनेमातले प्रणयप्रसंग दाखवले आणि कोणाचा रक्तदाब किती चढतो ते जाहीर केलं. १९३८ मध्ये तो जिलेटच्या ब्लेडच्या जाहिरातीत झळकला, तोही लाय डिटेक्टर घेऊन. विद्यापीठांनी त्याला हळूहळू दूर का केलं, हे समजायला आणखी पुरावा नको.

त्याचं सगळ्यात टिकाऊ काम मात्र यंत्राचं नव्हतं. १९२८ च्या पुस्तकात त्याने माणसाच्या भावनिक वागण्याचे चार प्रकार मांडले : वर्चस्व, प्रेरणा, समर्पण आणि अनुपालन. स्वतः त्याने कसलीही प्रश्नावली केली नाही. ती इतरांनी नंतर केली, नावं सौम्य केली, आणि आता कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये ‘डिस्क’ म्हणून जी टेस्ट भरून घेतात तिचं मूळ तिथे आहे.

या चौकडीतलं समर्पण मार्स्टनला फार प्रिय होतं. प्रेमळ सत्तेपुढे माणूस खुशीने नमतो आणि अशी सत्ता बायकाच चांगली चालवतील, असं त्याचं मत. घरीही प्रकार जगावेगळा होता. एलिझाबेथ नोकरी करून संसार ओढायची आणि त्याची जुनी विद्यार्थिनी ऑलिव्ह बर्न त्याच घरात राहायची. दोघींची मिळून चार मुलं. कॉमिक्सवर टीकेचा भडिमार सुरू असताना १९४० मध्ये ऑलिव्हने टोपणनावाने मासिकासाठी त्याची मुलाखत घेतली. ती वाचून प्रकाशकांनी त्याला सल्लागार नेमलं, आणि १९४१ च्या अखेरीस त्याची वंडर वूमन ही कॉमिक्समधली महानायिका अवतरली. तिची मनगटातली कडी ऑलिव्हच्या हातातल्या कड्यांवरून घेतलेली.

तिचा सोनेरी दोर म्हणजे लाय डिटेक्टरच, असं सर्रास लिहिलं जातं. मला ते उथळ वाटतं. सुरुवातीच्या अंकांत या दोराचं काम खरं वदवण्यापुरतं नव्हतं. त्यात अडकलेल्याला आज्ञा पाळावी लागे, आणि खरं बोलणं हा त्यातलाच एक भाग. हा दोर पट्ट्यापेक्षा त्या समर्पणाच्या सिद्धांताशी जास्त बांधलेला आहे. पानोपानी साखळदंड दिसू लागल्यावर प्रकाशकांच्या सल्लागार मंडळातूनच तक्रारी आल्या. मार्स्टन बधला नाही. १९४७ मध्ये कर्करोगाने तो गेला. एलिझाबेथ १९९३ पर्यंत जगली आणि मार्स्टनमागेही दोघी एकाच घरात राहिल्या.

आपल्याकडे हा सगळा इतिहास एका निकालपत्रात नोंदला गेला आहे. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचा आधार घेऊन आरोपीला दोषी धरलं, तेव्हा परदेशातूनही टीका झाली. पुढे उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला. ५ मे २०१० रोजी सुप्रीम कोर्टाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात नार्को (औषधाच्या अंमलाखाली चौकशी), ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरींची चाचणी) आणि पॉलिग्राफ या तिन्हींचा एकत्र निकाल लावला. त्यात मार्स्टन, लार्सन आणि कीलर यांचा उल्लेख आहे, फ्राय खटल्याचीही चर्चा आहे. संमतीशिवाय यातली कोणतीही चाचणी करणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडणं, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) च्या विरुद्ध आहे, असं कोर्टाने ठरवलं. संमतीने झालेल्या चाचणीचा निष्कर्षही पुरावा म्हणून चालत नाही, कारण उत्तरांवर त्या माणसाचा जाणीवपूर्वक ताबा नसतो. अशा चाचणीतून कळलेल्या माहितीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष हाती लागली, तर तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या (२०२४ मध्ये त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली) कलम २७ खाली ती माहिती मात्र कोर्टापुढे मांडता येईल, असंही कोर्टाने म्हटलं.