झोक्यावरून पडलं कोण?

रिटायर झाल्यावर आप्पांनी आठवणी लिहायला घेतल्या. दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर श्री काढला आणि सुरुवात केली: जन्म अमुक साली, शिरपूर तालुक्यात. पहिलीत नाव घातलं अमुक साली. मॅट्रिक, नोकरी, बदली, बदली, पुन्हा बदली. चौथ्या पानावर गाडी अडली. "आपल्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडलंच नाही रे," म्हणाले आणि वही कपाटात गेली.

घडलं भरपूर होतं. आप्पा फक्त सनावळीकडून शोधत होते. विलेम वागेनार या डच मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच सहा वर्षं एक प्रयोग केला. रोजची एखादी घटना टिपून ठेवायची: काय घडलं, सोबत कोण होतं, कुठे, कधी. अशा सुमारे 2,400 घटना जमल्यावर त्यातला एकच धागा वाचायचा आणि बाकीचं आठवतं का ते बघायचं. 1986 साली त्याने निष्कर्ष छापला. 'काय' या धाग्याने सगळ्यात जास्त आठवलं, 'कोण' आणि 'कुठे' हेही कामाला आले. नुसती तारीख वाचून मात्र जवळजवळ काहीच हाती लागलं नाही. आणि आपण आत्मचरित्राला बसलो की पहिली आठवते ती जन्मतारीख! सर्व्हिस बुक भरायची सवय, दुसरं काय.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आप्पांची अक्का, आमची फुई आली आणि सगळं पालटलं. अंगणात चूल पेटवून आईने खापर पालथं घातलं होतं. मातीचं खापर तापलं की त्याला एक वास येतो, धुराचा आणि भाजल्या मातीचा. त्यावर पुरणाचा मांडा पडला की तो गोडसर होतो. आप्पा खाटेवर बसले होते. अचानक म्हणाले, "माय हातावर मांडा फिरवायची तेव्हा तिच्या कोपरापर्यंत तेल यायचं." हे आम्ही कधीच ऐकलं नव्हतं.

वासाची वाट वेगळी आहे. डोळ्यांकडून, कानांकडून येणारे संदेश आधी मेंदूतल्या थॅलॅमस या नाक्यावर थांबतात आणि मग पुढे जातात. वासाचा संदेश हा नाका टाळून भावनांशी जोडलेल्या अमिग्डालापर्यंत पोचतो. आठवणींची जुळणी करणारा हिप्पोकॅम्पसही तिथून फार लांब नाही. शब्द किंवा चित्र दाखवलं तर म्हातारी माणसं बहुतेक दहा ते तीस या वयातल्या आठवणी सांगतात. वास दिला तर त्याही मागे, दहा वर्षांच्या आतल्या वयात जातात.

तेवढ्यात फुईने टोकलं, "आप्पा, आपला निंबना झाडले झोका बांधेल व्हता, याद शे का तुले?"

बस. पुढचा अर्धा तास दोघं अहिराणीतच, आमच्या खानदेशी बोलीतच, बोलत होती. झोक्याचा दोर कुणी वळला, गौराई कुणाकडे बसायची, दुपारी झोका रिकामा असला की पोरं कशी चढायची. वहीतल्या चार पानांत यातलं एक अक्षर नव्हतं, कारण आप्पा वहीत शाळेची मराठी लिहीत होते. त्यांच्या काळी वर्गात अहिराणी बोललं की हातावर पट्टी बसायची. घरच्या आठवणींनी शाळेच्या भाषेत यावं तरी कसं?

याचाही अभ्यास झाला आहे. व्हियोरिका मरियन आणि उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञांनी सोव्हिएत संघातून अमेरिकेत गेलेल्या, रशियन आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या विद्यार्थ्यांना जुन्या गोष्टी विचारल्या. रशियनमध्ये विचारलं तर रशियन बोलायच्या काळातलं जास्त आठवलं, इंग्रजीत विचारलं तर इंग्रजी बोलायच्या काळातलं. हा निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाला. आठवण ज्या भाषेत घडली त्या भाषेतली हाक तिला लवकर ऐकू जाते. म्हणून मी आप्पांना सांगितलं, आधी अहिराणीत मोबाईलवर बोला, मराठीचं नंतर बघू. कंदील, रॉकेलचा डबा, मोट, पाटी असे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून दिले. रोज एक उचलायची. ही युक्ती माझी नाही. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1879 साली 75 शब्दांची यादी करून स्वतःवर हेच करून पाहिलं होतं, आणि त्याच्याही डोक्यातून लहानपणाचं बरंच काही निघालं.

पण त्याच दिवशी एक भांडण झालं. आप्पा म्हणाले, त्या झोक्यावरून मी पडलो, हनुवटी फुटली. फुई उसळली, "तू कसाना पडना? मी पडनू!" आणि हनुवटी वर करून तिने खूण दाखवली. आप्पा हटेनात. त्यांना रक्ताचा सदराही दिसत होता.

ते खोटं बोलत नव्हते. याच नायसरने 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान फुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थ्यांकडून बातमी कुठे, कशी कळली हे लिहून घेतलं होतं. अडीचेक वर्षांनी त्यातल्या 44 जणांना पुन्हा विचारलं. सुमारे पाव जणांची हकीकत मुळापासून वेगळी निघाली, आणि चुकलेल्यांतले कित्येक ठामपणे सांगत होते. आठवण कपाटातल्या वहीसारखी जशीच्या तशी पडून नसते. दर वेळी ती नव्याने रचली जाते, आणि जवळच्या माणसाचं दुखणं त्या रचनेत सहज आपलं होऊन बसतं.

काल वही उघडून बघितली. पाचव्या पानावर निंब, झोका, खापर, मायचं कोपर, सगळं आलंय. खाली वेगळ्या शाईने एक ओळ आहे: "पडलो मी. अक्का म्हणते ती. खूण तिच्याकडे आहे."