काठीच्या सावलीतून पृथ्वीची चाल

नववीच्या मुलांना पृथ्वीच्या गती शिकवायच्या असतील, तर पृथ्वीगोल कपाटातून जरा उशिराच काढावा. आधी मैदानात एक मीटर उंचीची काठी उभी करावी, ओळंबा लावून ती सरळ आहे ना ते बघावं आणि सावलीच्या टोकाशी दर पाच मिनिटांनी खडूची खूण करायला सांगावं. 'परिवलन' (पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं) आणि 'परिभ्रमण' (सूर्याभोवती फिरणं) यांत परीक्षेत हमखास घोटाळा होतो. सावलीची जागा दिवसभर सरकते ती परिवलनामुळे आणि दुपारच्या सावलीची लांबी महिन्यामहिन्याने बदलते ती कललेल्या अक्षासह होणाऱ्या परिभ्रमणामुळे, हे एकदा स्वतः मोजलं की घोटाळा राहत नाही.

पहिल्याच दिवशी मुलं चक्रावतात. सावली सर्वांत आखूड बारा वाजता व्हायला हवी ना? पुण्यात 22 डिसेंबरला ती होते 12:33 च्या सुमारास. भारताचं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि पुणे त्याच्या पश्चिमेला साडेआठ अंशांहून थोडं जास्त. एक अंश वळायला पृथ्वीला चार मिनिटं लागतात. राहिलेला मिनिट-दोन मिनिटांचा फरक पुढच्या वर्गासाठी ठेवावा.

आता हीच दुपारची सावली वर्षभर मोजायची. पुण्यात 22 डिसेंबरला ती सुमारे 90 सेंटिमीटर भरते, 21 मार्चला 33. जूनच्या 21 तारखेला जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर, आणि तीही दक्षिणेला! सूर्य डोक्यावरून पुढे उत्तरेला गेलेला असतो. मधे, 13 मेच्या आसपास, शून्य सावलीचा दिवस येऊन जातो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावलीच पडत नाही. तेव्हा शाळेला सुट्टी आणि जुलैअखेर तो पुन्हा येतो तेव्हा आभाळ भरलेलं, म्हणून मी त्या एका दिवसावर कधीच विसंबत नाही. दोन मोजमापं सुटली तरी वर्षाची वही पुरेसं सांगते. दिल्लीतल्या मुलांना मात्र शून्य सावली कधीच दिसणार नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

यानंतर खरा प्रश्न विचारावा: उन्हाळा का होतो? बहुतेक हात वर होतात, "पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून." या उत्तराला मुलांना दोष देऊ नये. कक्षेची आकृती आपणच अंड्यासारखी काढतो. कंपासने दहा सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. खरी कक्षा त्याच मापात काढली, तर दोन्हींतला फरक पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीतच लपेल. सूर्य तेवढा मध्यापासून 1.7 मिलिमीटर बाजूला असतो. आणि पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपण स्वेटर घालून शाळेत येतो तेव्हा.

मग थंडी कशाची? टॉर्च चौकटीच्या कागदावर आधी सरळ धरावा, मग तिरका. तोच उजेड जास्त चौकटींवर पसरतो आणि प्रत्येकीच्या वाट्याला कमी येतो. पुण्यात 22 डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून 48 अंशांवरच असतो, त्यामुळे जमिनीच्या तेवढ्याच तुकड्यावर पडणारं ऊन डोक्यावरच्या सूर्याच्या साधारण तीन-चतुर्थांश भरतं. शिवाय दिवसही लहान. हे सगळं अक्ष 23.4 अंशांनी कललेला असल्यामुळे.

वही नीट ठेवणारी एखादी मुलगी जानेवारीत विचारतेच, "सर, सावली तर 22 डिसेंबरनंतरच आखूड व्हायला लागली. मग संक्रांत 14 जानेवारीला का?" या प्रश्नासाठी एक तास खुशाल द्यावा. फिरता भोवरा मंदावताना डुलतो, तसा पृथ्वीचा अक्षही डुलतो, पण एका फेरीला जवळपास 26,000 वर्षं घेतो. त्यामुळे ताऱ्यांच्या तुलनेत उत्तरायणाचा बिंदू दर 72 वर्षांना एक अंश सरकतो, आणि आपली संक्रांत ताऱ्यांवरून मोजलेल्या मकर राशीला धरून राहते. आजवर फरक पडला सुमारे 24 अंशांचा. 24 गुणिले 72 हा गुणाकार फळ्यावर तिलाच करू द्यावा: 1,728 वर्षं. साधारण तेवढ्या वर्षांपूर्वी सावली आखूड होऊ लागण्याचा दिवस आणि संक्रांत एकत्रच येत होती.