गाण्यांच्या वाटेने बाहेर गेलेले कागद

फाइल शेअरिंगचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला शब्द येतो तो व्हायरसचा. कुणीतरी फुकटचा पिक्चर उतरवला, त्यासोबत काहीबाही आत शिरलं, शेवटी मशीन फॉरमॅट करावं लागलं. आत काय येतं याची चर्चा भरपूर झाली. बाहेर काय जातं, ही गोष्ट मात्र मागे राहिली. या प्रोग्रामांनी घडवलेली सगळ्यात महागडी प्रकरणं याच दुसऱ्या खात्यातली आहेत.

सुरुवात निरुपद्रवी होती. कॉलेज अर्धवट सोडलेल्या शॉन फॅनिंगने १९९९ मध्ये आणलेला नॅपस्टर एमपीथ्री गाण्यांपुरताच होता. कुणाकडे कोणतं गाणं आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर असायची आणि गाणं मात्र एका घरातून थेट दुसऱ्या घरात जायचं. यादी एका जागी असल्यामुळे कॉपीराइटच्या खटल्यात कोर्टाला धरायला मानगूट सापडली आणि जुलै २००१ मध्ये नॅपस्टर थंडावला. ग्नुटेला, काझा वगैरे नंतरच्या फाइल शेअरिंग प्रोग्रामांनी मग मानगूटच ठेवली नाही. यादी अशी एका जागी नाही, आणि गाण्यांचीच अट नाही, कोणतीही फाइल चालेल. पुढचं सगळं रामायण या दोन बदलांतून घडलं.

काझामध्ये डाउनलोडसाठी जे फोल्डर निवडाल तेच जगाला खुलं व्हायचं, पोटातल्या सगळ्या फोल्डरांसकट. एखाद्याने घाईत सी ड्राइव्हवर बोट ठेवलं की अख्खी डिस्क चव्हाट्यावर. नेथॅनिएल गुड आणि ॲरन क्रेकेलबर्ग या संशोधकांनी २००२ मध्ये १२ जणांना असाच एक संगणक दिला. पूर्ण डिस्क शेअर होत होती. यातलं काय काय बाहेर दिसतंय, एवढाच प्रश्न. बरोबर उत्तर दोघांनाच देता आलं. मग त्यांनी काझावर ‘इनबॉक्स.डीबीएक्स’ ही फाइल शोधायला घेतली. आउटलुक एक्स्प्रेस हा तेव्हाचा मेल प्रोग्राम आलेल्या सगळ्या मेल या एकाच फाइलीत साठवायचं. १२ तासांत १५६ जणांचे इनबॉक्स हाताला लागले. पुढे त्यांनी ‘क्रेडिट कार्ड्स’ नावाची एक खोटी फाइल मुद्दाम शेअर करून पाहिली, तर ती उचलणारेही निघाले. म्हणजे दार उघडं होतं आणि ते हुडकत फिरणारेही हजर होते.

आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. पुण्यातल्या आमच्या इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर डीसी प्लस प्लस हा असाच एक फाइल शेअरिंग प्रोग्राम चालायचा. हबवर, म्हणजे सगळे जिथे जोडले जायचे त्या सर्व्हरवर, प्रवेश हवा तर आधी अमुक जीबी शेअर करा, असा नियम. तेवढे पिक्चर कुणाकडे असतात? मग पोरं सरळ डी ड्राइव्हवर टिक करून मोकळी व्हायची. एकदा असाइनमेंट शोधताना एका अनोळखी मुलाच्या ड्राइव्हमध्ये त्याची दहावीची मार्कशीट, जातीचा दाखला आणि वडिलांच्या पगाराची स्लिप, तिन्ही एका रांगेत स्कॅन करून ठेवलेली दिसली होती. मी त्याला मेसेज टाकला, तर उत्तर आलं, ‘अरे, काढलं तर शेअर कमी पडतो.’

या उघड्या फोल्डरची खरी किंमत मोजली ती जपानने. टोकियो विद्यापीठातला संशोधन सहायक इसामू कानेको याने मे २००२ मध्ये ‘विनी’ नावाचा प्रोग्राम सोडला. तेव्हा तिथे ‘विनएमएक्स’ (WinMX) हा फाइल शेअरिंग प्रोग्राम लोकप्रिय होता. त्यातल्या एम आणि एक्सच्या पुढचं एकेक अक्षर घेतलं की विनी (WinNY) हे नाव तयार होतं. विनीची खुबी अशी की फाइल थेट न जाता मधल्या अनोळखी संगणकांवरून जायची आणि वाटेत तिच्या गुप्त प्रती राहायच्या. पाठवणारा लपावा म्हणून केलेली ही सोय. पण त्यामुळेच एकदा सुटलेली फाइल परत बोलावता येत नव्हती.

ऑगस्ट २००३ मध्ये विनीवर ‘ॲंटिनी’ नावाचा वर्म, म्हणजे स्वतःच पसरणारा घातक प्रोग्राम, दिसू लागला. त्याची कार्यपद्धती अगदी घरगुती होती. फाइलीला चिन्ह फोल्डरचं आणि नाव मोह पाडणारं. नावानंतर मोकळ्या जागांची लांबलचक ओळ, म्हणजे हा प्रोग्राम आहे हे सांगणारं शेवटचं ‘ईएक्सई’ स्क्रीनबाहेर जावं. माणूस फोल्डर समजून दोनदा क्लिक करायचा. पुढच्या आवृत्त्या तर डेस्कटॉपवरच्या फाइली गोळा करून, त्यांचं गाठोडं बांधून विनीच्या अपलोड फोल्डरमध्ये ठेवायला लागल्या, काही वेळा स्क्रीनच्या फोटोसह.

आणि त्या डेस्कटॉपवर काय असायचं? ऑफिसचं काम. सरकारी संगणक पुरेसे नव्हते, म्हणून पोलीस आणि सैनिक घरचाच लॅपटॉप कामाला वापरत होते. मार्च २००४ मध्ये क्योतो पोलिसांच्या तपासाची कागदपत्रं विनीवर सापडली. याच क्योतो पोलिसांनी आदल्या नोव्हेंबरात विनी वापरणाऱ्या दोघांना पकडलं होतं, आणि मे २००४ मध्ये खुद्द कानेकोला अटक केली तीही त्यांनीच! २००५ मध्ये अणुवीज केंद्रांच्या तपासणीची माहिती बाहेर आली, फेब्रुवारी २००६ मध्ये ‘असायुकी’ या युद्धनौकेची गोपनीय माहिती. मार्चमध्ये तेव्हाचे मुख्य कॅबिनेट सचिव शिंझो आबे यांनी देशाला जाहीर विनंती केली की विनी वापरू नका. संरक्षण खात्याने सुमारे ५६,००० संगणक विकत घेण्याचं ठरवलं. मला या सगळ्यातलं शहाणपणाचं पाऊल हेच वाटतं. विनंतीने घरातला लॅपटॉप ऑफिसबाहेर जाणार नव्हता.

कानेकोवर खटला चालू होता कॉपीराइटच्या गुन्ह्याला मदत केल्याचा. गळती थांबवणारी दुरुस्ती करायला सगळ्यात योग्य माणूस तोच, पण नवी आवृत्ती काढणं म्हणजे त्याच गुन्ह्यात भर, अशी गोची. २००६ मध्ये त्याला १५ लाख येनचा दंड झाला, २००९ मध्ये ओसाकाच्या उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. २०१३ मध्ये तो वारला, वय ४२.

अमेरिकेतल्या प्रकरणांचा साचा वेगळा नाही. २००७ मध्ये फायझर या औषध कंपनीच्या एका कर्मचाऱ्याच्या कंपनी लॅपटॉपवर त्याच्या बायकोने असा प्रोग्राम टाकला आणि सुमारे १७,००० आजी-माजी कर्मचाऱ्यांची माहिती उघडी पडली. २००९ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हेलिकॉप्टरचे आराखडे इराणमधल्या संगणकावर सापडल्याची बातमी खूप गाजली. ती जपूनच वाचावी. हा शोध लावणाऱ्या खासगी कंपनीच्या एका माजी कर्मचाऱ्याने २०१५ मध्ये साक्ष दिली की गिऱ्हाइकं घाबरावीत म्हणून फाइली कुठे सापडल्या याच्या नोंदी तिथे बनावट केल्या जात. भीतीचाही धंदा होतो, तो असा.

ब्रॅम कोहेनच्या बिटटोरेंटने फोल्डरचा प्रश्न बराचसा मिटवला, कारण त्यात जी फाइल घेताय तेवढीच वाटली जाते. तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक, मात्र ती फाइल घेणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. आणि धोका पुन्हा आत येणाऱ्या वस्तूकडे सरकला. मार्च २०१६ मध्ये मॅकवरच्या ‘ट्रान्समिशन’ या बिटटोरेंट प्रोग्रामच्या अधिकृत संकेतस्थळावरच बाधित इन्स्टॉलर चढवला गेला. तो तीन दिवस गप्प बसायचा, मग फाइलींना कुलूप लावून एक बिटकॉइन मागायचा. संशयास्पद साइट टाळणाऱ्यालाही त्यातून सुटका नव्हती.

जुनं फोल्डर मात्र तेवढ्यात फोनवर येऊन गेलं होतं. ऑक्टोबर २०११ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ‘फ्रॉस्टवायर’ या फाइल शेअरिंग प्रोग्रामच्या अँड्रॉइड ॲपवर कारवाई केली. ॲप टाकल्या टाकल्या फोनमधले फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रं आपोआप शेअर होत होती. आयोगाने उदाहरण दिलं ते फोनमध्ये २०० फोटो असलेल्या बाईचं. तिला त्यातले फक्त १० वाटायचे असतील, तर उरलेल्या १९० फोटोंवरची खूण तिने एकेक करून काढायची.