ओलीतून कुंभारीकडे: सोलापूरच्या कामगार घरांची पार्श्वभूमी

सोलापुरात पाऊस बेताचाच. उन्हाळा मात्र असा की मे महिन्यात पत्र्याखाली बसवत नाही. असे असूनही साखर पेठ, दत्तनगर, जोडबसवण्णा चौक या पूर्व भागातल्या जुन्या खोल्यांच्या भिंती ऐन जानेवारीतही हाताला गार आणि ओलसर लागतात. खालच्या तीन-चार फुटांत गिलाव्याचे पोपडे सुटलेले असतात, कपाटामागे काळी बुरशी असते, अंथरुणाला कुबट वास येतो. ही ओल आभाळातून कमी आणि त्या घरांत चालणाऱ्या कामातून जास्त आली आहे. हे ध्यानात घेतले नाही तर गेल्या काही दशकांत कामगार कुटुंबे कुंभारीसारख्या शहराबाहेरच्या वसाहतींत का गेली, आणि जाऊनही काहींची अडचण का संपली नाही, याचा उलगडा होत नाही.

सुरुवात हातमागापासून करायला हवी. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हा भाग वसवला. खड्डा मागावर विणकर पाय खड्ड्यात सोडून बसतो आणि ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, जमिनीलगत राहतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत सुती धागा ठिसूळ होऊन सारखा तुटतो. म्हणून मागाची खोली मुद्दाम बंदिस्त ठेवली जाई. खिडकी लहान, जमीन मातीची, तीही शिंपून ओली केलेली. खळ लावलेला ताणा त्याच घरात वाळे. धाग्याला मानवणाऱ्या त्या हवेतच लेकरे झोपत.

वर माळवद. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. हे छप्पर उन्हाळ्यात उत्तम, पण दर वर्षी पावसाआधी त्यावर नवी माती पसरून दाबावी लागते. ते टळले की भेगांतून पाणी झिरपून तुळईच्या भिंतीतल्या टोकापर्यंत जाते, आणि लाकूड नेमके तिथेच, नजरेआड, कुजते. उलट जुनी माती न काढता वर्षानुवर्षे नवी टाकत राहिले की वजन वाढून तुळई वाकते. दोन्ही प्रकारांत धोका एकच: मुसळधार पावसाच्या रात्री छत खाली येणे.

१८७७ साली सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल सुरू झाली. लोकांच्या तोंडी ती जुनी मिल. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या मिल आल्या आणि त्यांच्यामागोमाग चाळी. मिलजवळ राहणे सोयीचे, म्हणून एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबे राहू लागली. गर्दी हीच ओलीची दुसरी खाण असते. झोपलेला माणूस श्वास आणि घामावाटे रात्रभरात पाव लिटरहून अधिक पाणी हवेत सोडतो. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे असली तर दारे-खिडक्या लावून घेतल्यावर सकाळपर्यंत दोन-अडीच लिटर पाणी त्याच हवेत आणि भिंतींवर साचते. स्वयंपाकाची वाफ आणि कोपऱ्यातली मोरी यात धरलेलीच नाही. खोल्या पाठीला पाठ लावून बांधलेल्या, त्यामुळे समोरासमोर झरोके नाहीत आणि वारा आरपार जाण्याचा प्रश्नच येत नाही.

मिलच्या भरवशावर उभी राहिलेली ही वस्ती मिलबरोबरच डळमळली. १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूही थांबली. पगार थांबलेल्या घरांना दोन आधार उरले: पुरुषांना यंत्रमाग आणि बायकांना विडी. दोन्ही कामे पुन्हा वस्तीतच आली. यंत्रमागाच्या सततच्या हादऱ्यांनी कच्च्या पायाच्या भिंती तडकतात आणि त्या तडांतून पाणी आत शिरते. विडीचे पाणी तर घरातच असते. तेंदूची पाने भिजवून, ओल्या पोत्यात गुंडाळून रात्रभर ठेवावी लागतात, नाहीतर कात्रीखाली ती फाटतात. सकाळी साच्यावर कापायची, दिवसभर सूप मांडीवर घेऊन वळायची. हजार विड्यांचा हिशेब पुरा करायला बहुधा घरातल्या मुलींचेही हात लागतात. ओली पाने आणि तंबाखूची धूळ एका खोलीत असली की लहान मुलांचा खोकला हटत नाही. डॉक्टर औषध बदलून देतात, पण खोली तीच राहते.

इमारतीचा दोष वेगळा पाहावा लागतो, कारण कर्ज काढून केलेली डागडुजी बहुतेक वेळा इथेच वाया जाते. सोलापूरच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत पाया खोदला नसेल तर भिंत दर वर्षी थोडी हलते. जुन्या खोल्यांना जोते जेमतेम, त्यात ओल अडवणारा थर नाही. जमिनीतले पाणी विटांतून वर चढते, वाळताना मीठ मागे ठेवते, भिंतीला लोणा लागतो. मग घरमालक किंवा भाडेकरू वरून सिमेंटचा पक्का गिलावा मारतो. पहिले वर्ष भिंत छान दिसते. पण आत कोंडलेले पाणी बाहेर पडायला जागा शोधत आणखी वर चढते, आणि तीन फुटांवरची ओल पाच फुटांवर जाते. त्याऐवजी ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत जुना गिलावा काढावा, भिंत उन्हाळाभर उघडी वाळू द्यावी आणि मग चुन्याचा गिलावा करावा. त्याआधी मोरीचा उतार आणि बाहेरची गटार दुरुस्त करावी. एवढे करूनही खोलीत आठ माणसे आणि ओली पाने असतील तर बुरशी परत येते. म्हणून एका मर्यादेपुढे दुरुस्ती हे उत्तर राहत नाही, घर बदलणे हेच उत्तर असते.

विडी कामगार बायकांना ते शक्य झाले, याचे कारण कागदपत्रांत आहे. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने त्यांना कामगार म्हणून ओळख दिली, १९७६ च्या कल्याण निधी कायद्याने विड्यांवरील उपकरातून दवाखाने, शिष्यवृत्त्या आणि घरबांधणीसाठी पैसा उभा केला. ओळखपत्र बाईच्या नावाचे, भविष्य निर्वाह निधीचे खातेही तिचेच. यंत्रमागावर रोजंदारीने राबणाऱ्या नवऱ्याकडे असला कागद क्वचितच असे. त्यामुळे सहकारी गृहनिर्माण संस्थेची सभासद ती झाली आणि घरही तिच्या नावे झाले. या मागणीमागे कामगार संघटनांची दीर्घ लढाई आहे, त्यात आमदार राहिलेले नरसय्या आडम यांचा पुढाकार सर्वांना ठाऊक आहे. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारी येथे कम्युनिस्ट नेत्या कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे बायकांच्या स्वाधीन झाली. त्याच परिसरात रे नगर हा तीस हजार घरांचा प्रकल्प प्रधानमंत्री आवास योजनेत आला. त्याची पायाभरणी जानेवारी २०१९ मध्ये झाली आणि पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी नरेंद्र मोदी यांनी दिल्या. यात विडी कामगारांसोबत यंत्रमाग कामगार, कचरावेचक आणि इतर असंघटित कामगारही आहेत. दरम्यान २०१७ मध्ये जीएसटी येताच विडीवरचा उपकर रद्द झाला, म्हणजे जुन्या निधीचा मूळ झराच आटला.

आवास योजनेत घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख रुपये मिळतात, उरलेली रक्कम कुटुंबाची. त्यासाठी दोन लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी घेतले तर महिन्याला सुमारे २,०३० रुपयांचा हप्ता बसतो, वीस वर्षांसाठी सुमारे १,८००. हप्त्याची तुलना नुसत्या जुन्या भाड्याशी करणे ही नेहमीची चूक. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात, शहरापासून दूर. माग शहरात असेल तर नवऱ्याचे जाणे-येणे, विडीची ब्रँच (कारखान्याचे पाने-तंबाखू देण्याचे आणि विड्या घेण्याचे केंद्र) जवळ नसेल तर पाने-तंबाखू आणण्याचा आणि विड्या पोचवण्याचा खर्च, मुलांची शाळा, सोसायटीची वर्गणी हे सारे हप्त्यात मिळवून मगच आकडा मांडावा. रोजची एक खेप चुकली तरी त्या दिवसाची मजुरी जाते. कित्येक कुटुंबे जुनी खोली कामापुरती धरून ठेवतात, ती याच कारणाने. पण मग दोन घरांचा खर्च अंगावर पडतो.

वाढत्या कुटुंबाने आणखी एक गोष्ट वेळेत करावी. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. विवाहित मुलगा आणि सून हे वेगळे कुटुंब धरले जाते, त्यांच्या नावे देशात कुठेही पक्के घर नसले तर त्यांना स्वतंत्र अर्ज करता येतो. त्यासाठी शिधापत्रिका आधी विभक्त करून घ्यावी, सर्वांचे आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि पक्के घर नसल्याचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे. तसे न केल्यास तीसेक चौरस मीटरच्या नव्या घरात तीन पिढ्या येतात आणि जुनी गर्दी पुन्हा जमते.

नव्या घरातही पाने भिजवायचीच आहेत. ती झोपायच्या खोलीत न ठेवता न्हाणीघरात किंवा बाल्कनीत ठेवावीत आणि दुपारी समोरासमोरच्या खिडक्या तासभर उघडाव्यात. पाणी रोज येत नसल्याने भरून ठेवलेले पिंप भिंतीला टेकवू नये, चार बोटे अंतर सोडावे आणि झाकण घट्ट बसवावे, कारण डेंग्यूचे डास त्याच पाण्यात वाढतात. ताबा घेतल्यावर पहिल्या पावसात न्हाणीघराच्या मागची भिंत, खिडकीखालचा भाग आणि वरच्या मजल्यावर असाल तर छताचे कोपरे तपासावेत. ओलीचा डाग दिसला तर तारखेसह फोटो काढून सोसायटीकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. प्रकल्प रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याखाली नोंदलेला असेल तर ताब्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष विकासकाने तक्रार मिळाल्यापासून तीस दिवसांत, पैसे न घेता, दुरुस्त करून द्यायचा असतो.