खराब नोट वेगळी, खोटी नोट वेगळी

मशीनने नोट बाहेर टाकली की पोटात गोळाच येतो, नकली निघाली की काय? पण बहुतेक वेळा नोट अगदी अस्सल असते, फक्त वापरून वापरून तिचा जीव गेलेला असतो. बँकांमधली नोटा छाननीची मशीन एकाच फेरीत दोन वेगळ्या गोष्टी तपासतात. एक म्हणजे नोट खरी आहे का, आणि दुसरी म्हणजे ती परत लोकांच्या हातात देण्यासारखी राहिली आहे का. हा फरक सगळ्यांना माहीत असायलाच हवा, कारण यात सरळ आपल्या पैशाचा प्रश्न आहे.

खराब नोटेची किंमत कुठेही जात नाही. बँक तिचे पूर्ण पैसे खात्यात जमा करते, नोट मध्यवर्ती बँकेकडे जाते, तिथे मशीन सेकंदाला ३० च्या आसपास नोटा तपासतं आणि बाद ठरलेल्या नोटेचे तिथल्या तिथे बारीक तुकडे करतं, तिच्या जागी दुसरी चांगली नोट चलनात येते. अगदी फाटून अर्धवट राहिली तरी आशा असते, युरोच्या नोटेचा ५० टक्क्यांहून जास्त भाग शिल्लक असला तर ती बदलून मिळते. खोट्या नोटेचं तसं नाही, तिला मुळात किंमतच नव्हती, त्यामुळे ती जप्त होते आणि बदल्यात काहीच मिळत नाही, मग तुम्ही कितीही निर्दोष असा.

खरेपणा तपासताना मशीन नोटेच्या अंगात मुद्दाम घातलेल्या खुणा शोधतं, म्हणजे इन्फ्रारेड उजेडात शाईचा ठरावीक भागच दिसणं, चुंबकीय शाई, अतिनील दिव्याखाली चमकणारे धागे वगैरे. तिथे तडजोड नसते.

लायकी तपासणं मात्र जास्त अवघड काम आहे आणि मला तरी हाच भाग जास्त भारी वाटतो, कारण इथे हो किंवा नाही असं सरळ उत्तर नसतं, रेघ कुठे मारायची हे मध्यवर्ती बँकेलाच ठरवावं लागतं. डाग, भोकं, चीर, चिकटपट्टी, पेनाने लिहिलेलं, दुमडलेले कोपरे, उडालेली शाई, कागदाचा गेलेला कडकपणा, प्रत्येकाची वेगळी मर्यादा असते. मळाचंच घ्या ना, आपल्याला वाटतं ती धूळ असेल, पण त्यातला मोठा वाटा बोटांवरच्या तेलाचा असतो, ते तेल कागदात मुरतं, हवेतल्या ऑक्सिजनने पिवळं पडतं आणि नोट हळूहळू पिवळट तपकिरी दिसायला लागते. पिवळा थर निळा प्रकाश शोषून घेतो, म्हणून निळ्या उजेडात मळ लगेच उघडा पडतो.

आता मर्यादा फार कडक ठेवली तर चांगल्या नोटाही कातरल्या जातात आणि छपाईचा खर्च वाढतो, सैल ठेवली तर लोकांच्या हातात चिंध्या येतात आणि एटीएममध्ये नोटा अडकतात. शिवाय सगळ्या नोटा सारख्या झिजत नाहीत, अमेरिकेत ५ डॉलरची नोट सरासरी ५ ते ६ वर्षं टिकते तर १०० डॉलरची २० वर्षांहून जास्त, कारण छोटी नोट सुट्ट्या पैशांसाठी सारखी या हातातून त्या हातात फिरते आणि मोठी बऱ्याचदा साठवून ठेवलेली असते. पॉलिमर म्हणजे प्लॅस्टिकच्या नोटा (ऑस्ट्रेलियाने पहिली १९८८ मध्ये काढली) जास्त टिकतात, मळ त्यात मुरत नाही, पण त्यांची शाई घासून निघू शकते, म्हणजे तपासणी त्यांनाही चुकत नाही.

खरा घोळ होतो तो या दोन तपासण्या एकमेकींच्या वाटेत येतात तेव्हा. नोटेचा कागद अतिनील दिव्याखाली मंद दिसायला हवा आणि साधा पांढरा कागद निळसर चमकतो, दुकानातले छोटे दिवे याच फरकावर चालतात. पण अस्सल नोट खिशात राहून कपड्यांबरोबर धुतली गेली तर साबणातलं चमक आणणारं रसायन कागदाला लागतं आणि खरी नोटसुद्धा खोटीसारखी चमकायला लागते. उलट बाजूने खोट्या नोटा खपवणारे नोट मुद्दाम चुरगळतात, मळवतात, म्हणजे घेणाऱ्याला ती जुनी वाटावी आणि कागदातला फरक जाणवू नये.

म्हणून युरोच्या नियमांत मशीनला फक्त खरी आणि खोटी एवढे दोनच कप्पे दिलेले नाहीत. पहिल्या कप्प्यात जे नोट म्हणून ओळखूच आलं नाही ते, ते ग्राहकाला परत. दुसऱ्यात संशयित खोट्या, तिसऱ्यात ज्यांच्याबद्दल मशीनला खात्री देता आली नाही अशा, या दोन्ही जास्तीत जास्त २० कामकाजाच्या दिवसांत पुढच्या तपासणीला द्याव्या लागतात. चौथ्यात खऱ्या नोटा, त्यातही चलनयोग्य आणि अयोग्य असे दोन भाग. हा तिसरा कप्पा मला फार शहाणपणाचा वाटतो, त्यात बरेचदा खऱ्याच पण जीर्ण नोटा असतात, आणि मशीनला खात्री नाही म्हणून कोणाला थेट खोटेपणाचा शिक्का बसत नाही.

आणि म्हणूनच मध्यवर्ती बँका स्वच्छ नोटांचा इतका आग्रह धरतात. चलनातल्या नोटा करकरीत असतील तर कागदाचा आवाज, उठावदार छपाई, जलचिन्ह हे सगळं हाताला आणि डोळ्याला लगेच कळतं आणि खोटी नोट त्यात उठून दिसते, सगळ्याच नोटा मळक्या असतील तर ती आरामात लपते.

तर हातात मळकी, फाटकी नोट आली तर तिला चिकटपट्टी लावत बसू नका, बँकेत भरून टाका. पण संशय खरेपणाचा असेल तर ती पुढे चालवू नका, कारण खोटी आहे हे कळूनही ती दुसऱ्याला देणं हा बहुतेक देशांत गुन्हा आहे. ती बँकेत किंवा पोलिसांकडे द्या आणि पावती मागून घ्या.